लोधी कॉलनीच्या भिंती: वर्धा-हिंगणघाटकडून दिल्लीला जाणाऱ्यांसाठी

इथे तिकीट नाही, फाटक नाही, वेळेचे बंधन नाही. सरकारी नोकरांसाठी इंग्रजांनी 1940 च्या दशकात बांधलेली ही वसाहत आहे. 2015 नंतर स्टार्ट इंडिया फाउंडेशनने देशोदेशीचे चित्रकार आणून तिच्या इमारती रंगवून घेतल्या. आज खन्ना मार्केट ते मेहरचंद मार्केट या पट्ट्यात पन्नासहून जास्त रंगवलेल्या भिंती आहेत.

गाडीत एक रात्र जाते. नवी दिल्ली स्टेशनवर उतरून पिवळ्या लाइनची मेट्रो धरा, सहावे स्टेशन जोरबाग. तिथून खन्ना मार्केटपर्यंत पायी जाता येते. सामान घेऊन जाऊ नका, तीन तास चालणे आहे.

एक भिंत मात्र चालता चालता बघून होत नाही. डाकू या कलाकाराने भिंतीवर अक्षरे बसवली आहेत. रंगवलेली नाहीत, उन्हात त्यांची सावली भिंतीवर पडते आणि शब्द तयार होतात. सूर्य सरकला की सावली लांबते, तिरपी होते, शब्द विस्कटतात. काळ सगळे बदलतो, हाच त्या कामाचा विषय. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी गेलात तर नुसती अक्षरे दिसतील आणि इथे काय विशेष, असे वाटेल. म्हणून दहाच्या सुमारास एकदा बघा, बाकी गल्ल्या फिरून बाराला परत या. डिसेंबर-जानेवारीत धुके असते, त्यामुळे फेब्रुवारी बरा. मे महिन्यात नकोच. ऊन आपल्याकडेही कमी नसते, पण इथे तीन तास त्यातच चालायचे आहे.

जपानी चित्रकार लेडी आयको यांनी झाशीच्या राणीवरून सुचलेली भिंत केली आहे. तांब्यांच्या मनूला परक्या हाताने असे मोठे केलेले बघून मराठी माणूस थबकतोच. इमारतींच्या मधोमध कमानी आहेत. चांगल्या चित्रकारांनी कमान लपवली नाही, चित्रात ओढून घेतली. प्रत्येक भिंतीपुढे हे आधी बघा.

हनिफ कुरेशी या उपक्रमाच्या संस्थापकांपैकी एक. 2024 मध्ये ते गेले. हाताने पाट्या लिहिणाऱ्या पेंटरांची अक्षरे जपायचे काम त्यांनी केले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आणि किराणा दुकानावर नाव लिहिणारा आपल्या गावचा पेंटर फ्लेक्सने रिकामा बसवला, हे ज्याला खुपते त्याने ही वसाहत बघावीच.

उणिवाही आहेत. खालचा तीन-चार फूट भाग उभ्या गाड्यांमागे जातो. नोकरदार गाड्या घेऊन निघाले की जागा मोकळी होते, म्हणून रविवारपेक्षा कामाचा दिवस बरा. काही भिंतींना पोपडे सुटले आहेत. जमिनीतली ओल गिलाव्यात चढली की रंगाचा थर आतून सुटतो, मग वरून कितीही चांगला रंग द्या. उन्हाने लाल-पिवळे आधी फिके पडतात. जुने फोटो बघून तोच चकचकीतपणा शोधत जाऊ नका.

जेवायला खन्ना मार्केट बरे, मेहरचंद महाग. पाण्याची बाटली जवळ ठेवा. आणि या भिंतींमागे माणसे राहतात: खिडकीत मोबाइल रोखू नका, वाळत घातलेले कपडे सरकवू नका, अंगणात शिरायचे तर आधी विचारा.