चारशे रुपयांचा वजनकाटा: वजन उतरवायला कितपत कामाचा?

पांढरं प्लास्टिक, वर गोल तबकडी, पुढे छोटा पडदा आणि दोन-तीन बटणं. ऑनलाइन दुकानांत हा काटा दहा-वीस वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, पण खोक्यावरचं मॉडेल बहुतेकदा एकच असतं: एसएफ-४००. कमाल वजन १० किलो, किमान फरक १ ग्रॅम, दोन पेन्सिल सेल, किंमत साधारण ३०० ते ५०० रुपये. केक करणाऱ्यांसाठी म्हणून तो खपतो. इथे मात्र त्याची पारख एकाच कामापुरती केली आहे: घरचंच जेवण जेवून, कॅलरी मोजून वजन उतरवायला तो किती उपयोगी पडतो.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकायचं की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं, हा वाद मध्यंतरी महाराष्ट्रात घरोघरी रंगला होता. एकीकडे दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवण, दुसरीकडे दर दोन तासांनी थोडं थोडं. शिवाय भात बंद, साखर बंद, सातनंतर स्वयंपाकघरच बंद, असे आणखी पंथ आहेतच. यांतल्या कुठल्याही पद्धतीने वजन उतरतं ते दिवसाची एकूण बेरीज कमी झाली म्हणून. तीच बेरीज थेट मांडली तर काही सोडावं लागत नाही. पुरणपोळीही चालते, फक्त ती हिशेबात धरावी लागते. आणि हिशेब म्हटला की माप आलं. आपल्या घरात मापाचाच तर घोळ आहे.

‘एक वाटी भाजी’ म्हणजे किती? मराठी घरातल्या वाट्या १०० मिलीपासून २०० मिलीपर्यंत काहीही असतात. चमच्याचंही तेच. तेल ५ मिलीच्या चमच्याने घेतलं तर साडेचार ग्रॅम, म्हणजे ४० कॅलरी. पण फोडणीला चमचा घेतं कोण? पळी असते, आणि पळीत २५-३० मिली तेल सहज मावतं. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बहुधा ९१० ग्रॅम असंही छापलेलं असतं. चौघांच्या घरात महिन्याला चार पिशव्या लागत असतील, तर ३६४० ग्रॅम गुणिले ९ (तेलाच्या एका ग्रॅमच्या कॅलरी), भागिले ३० दिवस, भागिले ४ माणसं: माणशी रोज सुमारे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तळणीचं उरलेलं तेल वजा करा, तरी आकडा छोटा होत नाही. हा हिशेब काटा न घेताही करता येतो. काटा घ्यायचा की नाही, हे त्यावरूनच ठरवावं.

आता प्रत्यक्ष वापर. घरातल्या रोजच्या कढया, पातेली आणि कुकरचं भांडं रिकामी असताना एकदा तोलून ठेवायची आणि ती वजनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. नंतर स्वयंपाक करताना फक्त कच्चा माल तोलायचा. उदाहरणार्थ चौघांची भरली वांगी: वांगी ५०० ग्रॅम म्हणजे १२५ कॅलरी, कांदा १०० ग्रॅम ४५, दाण्याचं कूट ८० ग्रॅम ४४०, सुकं खोबरं ३० ग्रॅम १९०, गूळ १५ ग्रॅम ५५, तेल ४५ ग्रॅम ४०५. बेरीज १२६०. भाजी झाल्यावर कढईसकट तोलून कढईचं वजन वजा केलं आणि ८४० ग्रॅम उरलं, तर ग्रॅममागे दीड कॅलरी. ताटात १२० ग्रॅम घेतली तर १८० कॅलरी. पाणी कमीजास्त झालं तरी फरक पडत नाही, कारण बेरीज तीच राहते, फक्त भागाकार बदलतो.

या बेरजेत वांग्याचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा आहे. बाकी बहुतेक सगळं कूट, खोबरं आणि तेल. म्हणून भेंडी, दोडका, कोबी, पालेभाज्या तोलण्यात वेळ घालवू नये. अंदाज ५० ग्रॅमने चुकला तर चूक पंधरा-वीस कॅलरींची. तोलायचं ते तेल, तूप, दाणे, खोबरं, साखर, गूळ, पीठ, तांदूळ, डाळी, फरसाण आणि सुका मेवा. शेव मूठभर म्हणजे ३० ग्रॅम, १६५ कॅलरींच्या आसपास, आणि ती मूठ जेवणात धरली जात नाही.

तेल तोलताना मात्र या काट्याची एक खोड सांभाळावी लागते. तो शून्यावर असताना एक-दोन ग्रॅम हळूहळू वाढवलं तर ते त्याला कळतच नाही. शून्य स्थिर राहावं म्हणून आतली यंत्रणा बारीकसारीक बदल गिळून टाकते, त्यामुळे धार लावून सोडलेल्या तेलाचे पहिले काही ग्रॅम पडद्यावर येत नाहीत. उपाय सोपा आहे. तेलाची बरणी काट्यावर ठेवा, शून्याचं बटण दाबा, बरणी उचलून कढईत तेल ओता आणि परत ठेवा. पडद्यावर उणे ९ दिसलं तर ९ ग्रॅम तेल गेलं. तूप, कूट, साखर, पीनट बटर सगळं याच पद्धतीने, आणि भांडीही वाढत नाहीत.

दुसरी अडचण पडद्याची. तो तबकडीच्या पुढेच असल्यामुळे परात किंवा जेवणाचं ताट ठेवलं की झाकला जातो. तबकडीवर एक डबा उपडा ठेवून शून्य करायचं आणि ताट त्या डब्यावर ठेवायचं. भांडं मध्यावर हवं, कडेला सरकलं की आकडा डळमळतो. तिसरी अडचण सर्वांत त्रासाची: काही मिनिटं हात लावला नाही की काटा आपोआप बंद पडतो. कांदा चिरून होईपर्यंत शून्य केलेलं पुसलं गेलेलं असतं. म्हणून सगळं एकाच पातेल्यात एकावर एक शून्य करत घालण्याच्या फंदात पडू नये. प्रत्येक जिन्नस वेगळा तोलून आकडा लगेच लिहावा.

एककाचं बटण चुकून दाबलं जातं आणि ग्रॅमचे औंस होतात. आकडा अचानक फारच छोटा दिसायला लागला तर आधी तेच बघा. काही काट्यांवर मिली असतं, ते पाण्यापुरतं खरं. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे काटा १०० मिली म्हणतो तेव्हा तेल सुमारे ११० मिली असतं. तेव्हा सगळं ग्रॅममध्येच मोजावं. गरम कुकर थेट ठेवू नये, मध्ये लाकडी पाट घालावा. खाली वर्तमानपत्र किंवा फडकं नको, ओट्याचा सपाट दगडच हवा. आणि काटा कपाटात ठेवून त्यावर डबे रचू नयेत, सतत भार पडून आतला वजनाचा भाग वाकतो आणि मग शून्यही खोटं दाखवतो. पाण्याखाली धुता येत नाही, बटणांच्या फटीत कणीक जाते, तेव्हा वर पातळ प्लास्टिक गुंडाळलेलं बरं.

पोळ्यांचं गणित एकदा केलं की पुरतं. ५०० ग्रॅम कणकेला ३२५ ग्रॅम पाणी घेतलं, तर ४५ ग्रॅमच्या गोळ्यात सुमारे २७ ग्रॅम पीठ जातं. १०० ग्रॅम पिठाला ३४० कॅलरी धरल्या तर पोळी ९०-९५ ची. घडीतलं तेल आणि वरचं तूप मिळून ४ ग्रॅम झालं की १३० च्या जवळ. चार दिवस गोळे तोलले की हाताला अंदाज बसतो. ज्वारीची भाकरी हलकी, हा समज मात्र काट्यापुढे टिकत नाही. ८० ग्रॅम पिठाची भाकरी २६५ कॅलरींची भरते, म्हणजे तूप लावलेल्या दोन पोळ्यांइतकी. ती अधिक पोटभरीची असते हे खरं, पण एकावर थांबलात तरच.

भाताची गफलत वेगळीच. १०० ग्रॅम तांदळाच्या ३५५ च्या आसपास कॅलरी होतात आणि शिजून त्याचा २८०-३०० ग्रॅम भात होतो. अ‍ॅपमध्ये कच्च्या तांदळाची नोंद निवडून शिजलेला भात टाकला तर आकडा जवळजवळ तिप्पट येतो. उलट केलं तर तिसऱ्या हिश्श्यावर. वजन का उतरत नाही याचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं.

आणि एकादशी. ‘दुप्पट खाशी’ ही म्हण आकड्यांतही अगदीच खोटी नाही. साबुदाणा ६० ग्रॅम २१०, कूट २५ ग्रॅम १३५, तूप १० ग्रॅम ९०, बटाटा ४० ग्रॅम ३०: एक बशी खिचडी ४६५ ला जाते. ५० ग्रॅम पोह्यांची बशी तेल, दाणे, कांदा धरून ३४० वर थांबते. उपवास सोडा असं कोणी म्हणत नाही. त्या दिवशी खिचडीची बशी एकच, आणि बाकी ताक, रताळं, फळं.

चहाचं थोडक्यात: ६० मिली फुल क्रीम दूध आणि ८ ग्रॅम साखर म्हणजे ८५, चार कप झाले की ३४०. टोन्ड दूध आणि निम्मी साखर केली तर चार कपांचे २०० च्या आसपास.

काट्याला जोड हवी ती वहीची किंवा अ‍ॅपची. हेल्थीफायमी, माय फिटनेस पाल यांसारखी अ‍ॅप चालतात, पण तयार पदार्थांच्या नोंदी डोळे झाकून घेऊ नयेत. ‘पोळी, एक नग’ यापुढे कुठे ७० तर कुठे १५० दिसतं, कारण कोणाची पोळी हे कोणालाच ठाऊक नसतं. आपल्या भाज्या कच्च्या मालाच्या वजनावरून स्वतः नोंदवाव्यात. पंधरा-वीस पदार्थ झाले की महिन्याचा स्वयंपाक त्यात येतो. कच्च्या मालासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते सगळ्यांत भरवशाचे. त्यातली ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, ४.१८४ ने भागलं की कॅलरी मिळतात. पाकिटबंद वस्तूंना १०० ग्रॅमचा आकडा वापरावा, ‘एका वाढणीचा’ नव्हे, ती वाढणी दोन बिस्किटांचीही असू शकते. पाकिटावरची टक्केवारी २००० कॅलरींच्या हिशेबाने छापतात, ते तुमचं लक्ष्य समजू नका.

लक्ष्य काढायला मिफलिन–सेंट जोर सूत्र पुरतं: वजन गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, उणे वय गुणिले ५. मग पुरुषांना ५ मिळवायचे, बायकांना १६१ वजा करायचे. चाळिशीची बाई, ६८ किलो, १५५ सेंमी: १२८८, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला लागणाऱ्या कॅलरी. हलकी हालचाल धरून १.३७५ ने गुणलं की १७७०. त्यातून ३५० कमी केले तर १४२०. एक किलो चरबीला ढोबळ ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे महिन्याला सव्वा ते दीड किलो. जाहिरातींतले महिन्याला आठ किलो इथे मिळणार नाहीत. हालचाल सूत्रात आधीच धरली आहे, त्यामुळे मनगटावरचं घड्याळ ‘आज ३०० जाळल्या’ म्हणालं म्हणून तितकं जास्त खायचं नाही. चार-पाच किलो उतरले की गणित पुन्हा मांडावं, लहान शरीराला कमी लागतं.

शरीराचं वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी बघावं आणि आठवड्याची सरासरी धरावी. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलेलं दिसतं ते बहुतेक पाणी आणि मीठ, पाळीच्या आधीही तसंच होतं. तीन आठवडे सरासरी हललीच नाही, तर आधी नोंदी तपासाव्यात: चव घेताना खाल्लेलं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, आणि शनिवार-रविवार. सोमवार ते शुक्रवार ३५० ची तूट म्हणजे १७५०. दोन दिवस बाहेर जेवून ती भरून काढणं अजिबात अवघड नाही. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेन्यूवर कॅलरी छापण्याचा नियम जुलै २०२२ पासून आहे, तो आकडा घ्यावा. कोपऱ्यावरच्या मिसळीला अंदाजच, आणि तो तर्रीकडे बघून चढा धरावा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय खाणं कमी करू नये. वाढत्या वयाच्या मुलांना आणि खाण्याबद्दल आधीच धास्ती असलेल्यांना हा काटा देऊच नये, आकड्यांनी ती धास्ती वाढते.

घ्यायचाच तर हाच साधा काटा पुरे. काचेच्या तबकडीचा पुसायला सोपा, पण मोजणीत फारसा सरस नाही. ०.१ ग्रॅमचा खिशातला काटा तुपासाठी चांगला, पण त्यावर कढई राहत नाही. मोबाइलला जोडणारे महागडे काटे टाळले तरी काही अडत नाही. व्यापारी वापरासाठी मात्र हा साधा काटा चालणार नाही, वैधमापनाचा शिक्का त्यावर नसतो. खोकं आलं की परत करायची मुदत संपायच्या आत तपासून घ्या. दहा रुपयांचं नाणं ७.७ ग्रॅमचं असतं, दहा नाणी एकदम ठेवली की ७७ यायला हवेत. मग मोठं रिकामं भांडं ठेवून शून्य करा, त्यात तीच नाणी टाका, पुन्हा ७७ च दिसले पाहिजेत. एक ग्रॅम इकडेतिकडे चालेल, चार-पाचचा फरक असेल तर परत पाठवा.