सहाचाकीचे लायनर: आपल्या आवारात बदलावेत की आडगावच्या गॅरेजवर?

कांद्याचा हंगाम तोंडावर आला की नाशिक भागात एक-दोन ट्रक असलेल्या मालकापुढे हा प्रश्न हमखास येतो. मागच्या चाकांचे लायनर, म्हणजे ब्रेकच्या शूवरचे ड्रमला घासणारे पट्टे, झिजून रिव्हेटच्या डोक्यांजवळ आलेत. आता गाडी गॅरेजवर लावायची, की जॅक-पाना काढून स्वतः चाकं खोलायची? मी दोन्ही करून पाहिलंय, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. इथे बोलतोय ते एअर ब्रेक, ड्रम आणि एस-कॅम (शू ड्रमवर दाबणारा एस आकाराचा कॅम) असलेल्या सहाचाकी गाडीबद्दल. पिकअपचे ऑइल ब्रेक हा वेगळा विषय आहे. तिथे लायनर बदलणं सोपं, पण लाइनमधली हवा नीट काढणं जिकिरीचं.

आधी एक गैरसमज दूर करू. स्वतः करायचं म्हणजे सगळंच स्वतः करायचं, असं नाही. शूवर लायनर चढवण्याचं काम रिव्हेटचं मशीन असलेल्याकडेच द्यावं आणि ड्रमचं टर्निंग, म्हणजे आतली बाजू कातून सारखी करणं, अंबड किंवा सातपूरच्या लेथवर. बरीच गॅरेजंही ही दोन कामं बाहेरूनच करून आणतात. म्हणून लायनर, रिव्हेट आणि टर्निंगचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच येतो. फरक पडतो तो खोलण्या-बसवण्याच्या मजुरीत आणि गाडी किती दिवस उभी राहते त्यात. हंगामात गॅरेजवर नंबर लागतो. आपल्या आवारात सवय असलेली दोन माणसं मागचा एक्सल दिवसभरात उरकतात. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने दोन दिवस धरावेत.

शू घेऊन येताना एक गोष्ट तिथेच पाहून घ्या. रिव्हेट मधल्या ओळीपासून सुरू करून दोन्ही टोकांकडे नेलेले असावेत. आधी टोकं आवळली की लायनर मध्ये फुगतो, शूला नीट चिकटून बसत नाही आणि गरम झाला की तडकतो. लायनर आणि शूच्या मधे 0.25 मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) कुठूनही आत जाता कामा नये. जात असेल तर शू वाकलाय किंवा काम घाईत झालंय. दोन्हीत शू परत द्यायचा. आणि लायनर नेहमी एक्सलच्या दोन्ही चाकांना, एकाच मेकचे. एकाच बाजूला बदलले तर ब्रेक मारताच गाडी ओढते.

आता खोलण्याचं काम नेमकं किती जड आहे ते बघा. ड्रम हबच्या बाहेरून बसलेला असेल तर काम निम्मं होतं. चाकं उतरवली, ड्रमचे स्क्रू काढले आणि ड्रममधल्या आट्यांच्या भोकांत दोन बोल्ट सारखे आवळत गेलं की तो सुटतो. घण घालायचा नाही. ड्रम बिडाचा असतो, कड फुटते. ड्रम हबच्या आतल्या बाजूने असेल तर एक्सल शाफ्ट ओढून काढावा लागतो, त्याबरोबर थोडं गिअर ऑइल येतं, मग हब नट, लॉक वॉशर, बेअरिंग आणि शेवटी सगळा हब. इथे ऑइल सील नवीनच टाकायचं, जुनं कितीही चांगलं दिसो. सील गळलं की ऑइल सरळ लायनरवर येतं आणि ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुवून सुधारत नाही, फेकावाच लागतो.

जीवावर बेतू शकते अशी जागा एकच. मागचे ब्रेक चेंबर, म्हणजे आपल्याकडे ज्याला बूस्टर म्हणतात ते, दुहेरी असतात आणि त्यांच्या मागच्या डब्यात पार्किंगची दाबलेली स्प्रिंग असते. हवा उतरली की ती ब्रेक जाम करते आणि ड्रम निघत नाही. टाकीतल्या हवेच्या भरवशावर ती सोडवून आत हात घालू नये. हवा गळली तर शू अचानक उघडतात. चेंबरसोबत येणारा रिलीज बोल्ट आवळून स्प्रिंग मागे ओढून धरायची, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके लावायचे आणि एक्सल घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्यायचा, नुसत्या जॅकवर नाही. स्प्रिंगच्या डब्याचा क्लॅम्प मात्र कधीही खोलायचा नाही. डबा खराब झाला तर अख्खा चेंबर बदलायचा.

गॅरेजच्या बाजूने बोलायचं तर त्यांचं पारडं इथे खरंच जड आहे. खाली काँक्रीट असतं, वर चेन ब्लॉक असतो आणि ड्रम उचलायला तीन माणसं हाताशी असतात. ड्रमवरच्या बारीक केसांसारख्या रेषा चालतात, पण आरपार तडा चालत नाही. हा फरक अनुभवी मिस्त्री नजरेने आणि हातोडीच्या आवाजाने सांगतो. निळसर कडक डाग पडलेला ड्रम लेथवर टूल नाचवतो, तोही त्याला आधीच कळतो. कॅमशाफ्टचा बुश झिजलाय का, अँकर पिन गंजून बसलीय का, हे तो दोन मिनिटांत पाहतो. नवख्याच्या हातून हे सुटू शकतं. ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा ओतलेला असतो. टर्निंगनंतर त्याच्या पुढे गेलेला ड्रम भंगारात द्यायचा, एवढं मात्र कुणालाही मोजता येतं.

हे सगळं मान्य करूनही माझा कौल स्वतः करण्याकडे फिरला तो एका गोष्टीमुळे, दुसऱ्या ॲडजस्टमेंटमुळे, म्हणजे काही किलोमीटर चालल्यावर ब्रेक पुन्हा आवळण्यामुळे.

नवीन लायनर ड्रमला पहिल्या दिवशी पूर्ण टेकत नाही. तो उंचवट्यांवर टेकतो. ते उंचवटे पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये झिजतात आणि शू-ड्रममधली फट वाढते, तीही प्रत्येक चाकाला वेगळी. नाशिकहून वाशी मार्केटची एक फेरी जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास होते. म्हणजे पहिल्याच फेरीनंतर साध्या स्लॅक ॲडजस्टरच्या (चेंबर आणि कॅम जोडणारा, हाताने आवळायचा दांडा) गाडीला पुन्हा आवळणं भाग असतं. गॅरेजवाला गाडी सोडताना म्हणतो, ‘एक फेरी मारून आणा, फुकट आवळून देतो.’ तो मनापासूनच म्हणतो. पण फेरी संपते तेव्हा गाडी लासलगावला किंवा पिंपळगावला पुढचा माल भरायला उभी असते. आडगावला परत येऊन रांगेत अर्धा दिवस कोण घालवणार? त्यामुळे ते आवळणं राहून जातं. मी पाहिलेल्या गाड्यांत ते बहुतेक वेळा राहिलेलंच होतं.

ही बारीकसारीक गोष्ट नाही. 410 मिमीचा बिडाचा ड्रम 300 अंशांनी तापला की व्यासात सुमारे 1.3 मिमी फुगतो. वरवर हे किरकोळ वाटतं. पण स्लॅकचा दांडा लांब आणि कॅम लहान, त्यामुळे शूला एवढंसं जास्त सरकवायला चेंबरमधून स्लॅकला ढकलणाऱ्या पुश रॉडला त्याच्या कितीतरी पट जास्त बाहेर यावं लागतं. थंड गाडीत स्ट्रोक, म्हणजे रॉड बाहेर येण्याचं अंतर, आधीच लांब असेल तर सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. नाशिकमधल्या द्वारकेच्या सिग्नललाही गाडी मुकाट थांबते. इगतपुरी सोडून कसारा घाट उतरताना ड्रम तापतात, चेंबर स्ट्रोकच्या शेवटाला पोहोचतो आणि पायाखाली हवा भरपूर असूनही चाकावर जोर पोहोचत नाही. काट्यावर प्रेशर पूर्ण असतं, म्हणून ड्रायव्हरलाही आधी उमगत नाही.

ज्याने स्वतः चाक खोललंय त्याला हे आवळणं अवघड नाही. चारही चाकांना (मागची जोडचाकं एकेक धरून) मिळून अर्धा तास पुरतो, माल भरता भरता होतो. चाकांना गुटके लावायचे, इंजिन बंद, टाकीत 6 ते 7 किलो हवा, पार्किंग सुटलेलं. चेंबरच्या तोंडाशी पुश रॉडवर खडूची खूण करायची, एकाला ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगायचं आणि खूण किती बाहेर आली ते मोजायचं. साध्या स्ट्रोकच्या टाइप 30 चेंबरला 51 मिमी, टाइप 24 ला 45 मिमी (टाइपचा आकडा चेंबरच्या आकाराचा) ही शेवटची हद्द. तिथवर जायची वाट बघू नये. आवळताना स्लॅकच्या बोल्टवरची लॉकची कडी पान्याने आत दाबायची, शू ड्रमला पूर्ण टेकेपर्यंत बोल्ट फिरवायचा, मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्यायचा. बोल्ट फिरवताना पुश रॉड चेंबरमधून बाहेर ओढला जाऊ लागला तर दिशा उलट आहे. ब्रेक सोडलेल्या अवस्थेत टॉमीने (लोखंडी पहारीने) स्लॅक ओढून पाहिला तर रॉड 13 ते 19 मिमी हलायला हवा. शेवटी कडी पुन्हा बाहेर उसळलीय ना, ते बोटाने चाचपून बघा. ती आत अडकली तर रस्त्याच्या हादऱ्यांनी बोल्ट आपोआप सैल होतो.

ऑटो स्लॅक (स्वतःच आवळत जाणारा) असलेल्या नव्या गाड्यांत हा सगळा त्रास नाही, आणि तिथे माझा युक्तिवाद बराच दुबळा पडतो, हेही सांगायला हवं. ऑटो स्लॅक हाताने पुन्हा पुन्हा आवळायचा नसतो. स्ट्रोक लांब येत असेल तर बुश, पिन किंवा स्लॅकच खराब आहे. शिवाय एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर हब काढताना सेन्सर जागचा सरकतो. बसवताना तो दातेरी रिंगला टेकेपर्यंत हाताने दाबायचा, चाक फिरलं की तो आपली फट आपण घेतो. तरीही दिवा जळतच राहिला तर गॅरेज गाठावं. फूट व्हॉल्व्ह, रिले व्हॉल्व्ह, बेअरिंगचा आवाज यांतही घरी हात घालू नये. खाली माती असेल किंवा एकटाच माणूस असेल तर चाक खोलायचा विचारही नको. ‘मोठा चेंबर टाकून ब्रेक कडक करून देतो’ असं कुणी म्हणालं तर मात्र घरी काय, गॅरेजवरही नको म्हणा. चेंबर आणि स्लॅकची लांबी कंपनीने त्या एक्सलसाठी जुळवलेली असते. एका चाकाला फरक पडला की ओल्या रस्त्यावर ते चाक आधी जाम होतं.

स्वतः करणाऱ्याकडून ज्या चुका होतात त्या ठरावीक आहेत. जुनी लायनरची धूळ हवा मारून उडवायची नाही, ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसायची. कॅमला ग्रीस सढळ हाताने भरलं तर जास्तीचं ड्रममध्ये उडतं. रिटर्न स्प्रिंग आणि रोलर जुनेच ठेवायचा मोह होतो, पण ताण गेलेली स्प्रिंग शू मागे घेत नाही आणि ड्रम तापत राहतो. ते नवेच टाका. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे आणि पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, जोर लावण्याआधी स्टडवर बघून घ्या.

काम झाल्यावर माल भरून थेट मुंबईच्या वाटेला लागू नये. रिकामी गाडी दिंडोरी रस्त्यावर काढून ताशी 40 वरून 10 पर्यंत हलक्या पायाने आठ-दहा वेळा ब्रेक घ्यावेत, मधे गाडी चालती ठेवून ड्रम निवू द्यावेत. परत आल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हाताचा तळवा न टेकवता धरून पाहा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथे शू अडकतोय. त्याच वेळी चारही चाकांचे स्ट्रोक मोजून वहीत लिहा. गॅरेजवर काम करून घेणार असाल तरी हे आकडे गाडी हातात घेतानाच त्यांच्याकडून मोजून मागा, पुढच्या फेरीनंतर त्याच आकड्यांशी ताडून पाहता येतं.