भाड्याचं घर आणि एजंटचं 'टोकन': आमची फसवणूक

भाड्याने घर शोधत असाल तर हे वाचा. 'टोकन द्या, जागा तुमच्यासाठी थांबवतो,' असं एजंट म्हणाला की आधी विचारा, याच जागेसाठी आणखी कोणाचं टोकन घेतलंय का? उत्तर लेखी मागा. तो लगेच विषय बदलेल.

आमचा एजंट मोठा गोडबोल्या. 'सर, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, मग माझ्या हातात काही नाही.' टोकन दिलं. ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंटही दिलं. मग टोलवाटोलवी सुरू. मालक बाहेरगावी आहेत, मालक विचार करताहेत, आणि शेवटी, 'समोरची पार्टी भाडं वाढवून देतेय, तुमचं काय?' आम्ही नाही म्हटलं, तसा 'मालकांचा नकार आहे' असा एका ओळीचा मेसेज आला. कारण विचारलं तर फोन बंद.

पैसे मागायला ऑफिसात गेलो, तर तिथे एक बाई याच कामासाठी ताटकळत बसलेल्या. बोलता बोलता कळलं, जागा तीच. पावत्या शेजारी धरून पाहिल्या. अक्षर एकच, नंबर लागोपाठचे. पत्ता नाही, मालकाचं नाव नाही आणि 'कशाबद्दल' या रकान्यात टोकनऐवजी 'फाइल चार्ज, परत मिळणार नाही'. म्हणजे त्यांना आमची भीती घालायची, आम्हाला त्यांची, आणि बोली चढवत न्यायची!

वर म्हणतो, 'सगळीकडे असंच चालतं.' साफ खोटं. इंग्लंडमध्ये 2019 च्या टेनंट फीज अ‍ॅक्टनुसार असं टोकन आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि एकाचं हातात असताना त्याच जागेसाठी दुसऱ्याचंही घेता येत नाही. मालकानेच माघार घेतली तर पैसे परत द्यावे लागतात.

खरा संताप पुढेच आला. खटपट करून मालकांचा नंबर मिळवला, तर त्यांच्यापर्यंत आमचा अर्ज पोचलाच नव्हता! नकार एजंटच्याच मनचा.

त्या बाईंनी आणि आम्ही मिळून लेखी तक्रारीची तयारी केली, तेव्हा कुठे थोडे पैसे सुटले. कागदपत्रं मात्र अजून त्याच्याकडेच आहेत. आता कोणालाही झेरॉक्स देताना मी तिच्यावर आडवं लिहितो: 'फक्त या जागेच्या भाडेअर्जासाठी', खाली पत्ता, तारीख आणि सही.