व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) विभाग, पुण्यातलं एक खाजगी रुग्णालय: ४ तारे

बाबांच्या प्रोस्टेटच्या सोनोग्राफीत पोटातली महाधमनी ५.८ सेंटीमीटर फुगलेली दिसली. त्रास काहीच नव्हता. पुरुषांत ५.५च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करतात, म्हणून इथे आलो.

सर्जननी स्टेंट-ग्राफ्ट (जांघेतून नेऊन महाधमनीच्या आत बसवायची नळी) आमच्या गळ्यात मारला नाही, हे मला सगळ्यात भावलं. स्टेंट-ग्राफ्ट आणि पोट उघडून शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनच्या ईव्हार-१ चाचणीचे आकडे त्यांनी कागदावर मांडले: पहिल्या ३० दिवसांत मृत्यू स्टेंट-ग्राफ्टने १.७ टक्के, पोट उघडून ४.७. पण काही वर्षांत हा फायदा पुसला जातो आणि ८ वर्षांनंतर पोट उघडून केलेली शस्त्रक्रियाच वरचढ ठरते. ग्राफ्टबाहेर रक्त झिरपत राहिलं तर फुगा पुन्हा वाढून फुटू शकतो. बाबांचं हृदय कमजोर, म्हणून जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट ठरला. छान झालं. आयसीयूतल्या सिस्टर दर थोड्या वेळाने पायाची नाडी बघायच्या, बाबांशी गप्पाही मारायच्या.

एक तारा कापला तो डिस्चार्ज कार्डासाठी. पुढच्या सीटी स्कॅनची तारीखच त्यावर नव्हती, मागून लिहून घ्यावी लागली. आयुष्यभर तपासणी लागणाऱ्या उपचारात हे अजिबात चालणार नाही.