बँडच्या निरोपाला नाव भरलेला टॉवेल: वस्तू चांगली, पण नीट मागून घ्यावी लागते

२६ जानेवारीचं संचलन झालं की कॉलेजच्या बँडमधल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांचं वाजवणं जवळपास संपतं. पुढे गॅदरिंग, निरोप समारंभ आणि परीक्षा. मधल्या महिन्याभरात ज्युनिअर वर्गणी काढतात आणि बहुतेक वेळा काचेची ट्रॉफी आणून मोकळे होतात. सोलापुरात त्याहून कामाची वस्तू हाताशी आहे: टेरी टॉवेल (अंगावर धाग्याचे फासे असलेला), त्यावर कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीनं पथकाचं नाव आणि वाद्य. पाचापैकी चार गुण. कापलेला एक गुण टॉवेलचा नाही, भरणाऱ्यांच्या देवनागरीचा आहे.

टॉवेल म्हटलं की लग्नातला टॉवेल-टोपीचा आहेर आठवतो, आणि दुकानदारही आधी तोच पातळ माल पुढे करतो. तो घेऊ नका. चाटी गल्लीत विचारा किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याच्या विक्री दालनात, पहिला प्रश्न जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. ४०० च्या खालच्या टॉवेलवर भरतकाम केलं की कापड आकसतं आणि अक्षरांभोवती चुण्या पडतात. ६०० चा जाड टॉवेल दिसायला भारी, पण रोजच्या वापरात वाळता वाळत नाही. ४५० ते ५०० पुरे. चिठ्ठीवरच्या आकड्यावर विसंबू नका, वजन करा. ७५ बाय १५० सेंटीमीटरचा ४५० जीएसएमचा टॉवेल साधारण ५०५ ग्रॅम भरायला हवा. काट्यावर ४२० दिसले तर चिठ्ठी खोटी. सरावाला गळ्यात टाकायला ४० बाय ७५ चा नॅपकिन सोयीचा, त्याचं वजन १३५ ग्रॅमच्या आसपास येतं.

रंग निवडताना पांढरा रुमाल ओला करून टॉवेलवर दहा-बारा वेळा जोरात घासा. मरून आणि गडद निळा इथेच उघडे पडतात. नव्या टॉवेलवर पाण्याचा थेंब तसाच उभा राहिला तर घाबरायचं कारण नाही, तो मऊपणासाठी दिलेल्या फिनिशचा परिणाम असतो. कंडिशनर न घालता दोन धुण्यांत जातो.

भरण्याऐवजी नाव विणूनच का घेऊ नये, असं सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही विणकर घरात विचारतील. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेलं नाव उसवत नाही, टोचत नाही, हे खरंच. पण त्यासाठी डिझाइन बनवावं लागतं, चालू मागावर तुमच्याच रंगाचा ताणा असावा लागतो, आणि पंचवीस-तीस नगांसाठी कोणी माग थांबवत नाही. शिवाय दुरंगी टेरीत मागच्या बाजूला रंग उलटे आणि अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. कॉलेजच्या सगळ्या पथकांनी मिळून दोन-तीनशे नग मागवले तर विणण्याचा विचार करा, नाहीतर भरतकामच.

आता खरी अडचण. मजकूर तुम्ही व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवता, तिकडे पंचिंग (मजकुराची भरतकामासाठी फाइल बनवणं) करणाऱ्याच्या मशिनवर वेगळा फॉन्ट असतो, आणि ‘ट्रम्पेट’मधला अर्धा म सुटा होऊन पाय मोडका उभा राहतो. पद्मशाली आडनावांतला ‘ल्ल’ आणि ‘ज्ञानेश्वरी’तला ‘ज्ञ’ यांचीही तीच गत. त्यामुळे मजकूर कधीच टाइप करून देऊ नका. स्वतः ठळक फॉन्टमध्ये लिहून त्याचं मोठं चित्र किंवा पीडीएफ द्या. अक्षराची उंची दीड सेंटीमीटरच्या खाली नको. कागदावर छान दिसणारी वेलांटी टेरीच्या फासांत बुडून जाते. शिरोरेषा एका सलग पट्टीत भरायला सांगा, तुकड्यांत भरली तर पहिल्या धुण्यात फटी दिसतात.

दुकानात दोनच गोष्टी बजावून सांगायच्या. वर पाण्यात विरघळणारी फिल्म लावा आणि खाली बकरम, म्हणजे कडक अस्तर. फिल्म नसेल तर टेरीचे फासे टाक्यांमधून वर येतात आणि नाव केसाळ दिसतं. बकरम जाड राहिलं तर मान टोचते, म्हणून काम झाल्यावर कडेनं फाडून घ्या. धागा पॉलिस्टरचा मागा. रेयॉन जास्त चमकतो, पण ब्लीचच्या एका धुण्यात फिका पडतो.

वाद्याचं चित्र स्वतः द्या, हे शंभरदा सांगावं लागतं. नाहीतर बिगुलवाल्याच्या टॉवेलवर तीन पिस्टनचा ट्रम्पेट येतो (बिगुलाला पिस्टन नसतातच) आणि साइड ड्रमवाल्याला ऑर्केस्ट्राचा अख्खा ड्रमसेट मिळतो. ड्रमच्या खालच्या पानाच्या (ताणलेल्या पडद्याच्या) तारा, पट्ट्याचे हूक असलं बारीक काम चित्रात ठेवू नका. एक मिलिमीटरहून बारीक रेघ दिसत नाही. बास ड्रमचा गोल आणि दोन मॅलेट (गोल डोक्याच्या काठ्या), एवढं लांबूनही ओळखू येतं.

प्रत्येकाचं वेगळं नाव घालायचा मोह आवरा. दर टॉवेलला नवी फाइल, नवी फ्रेम, म्हणजे वेळ आणि चुका दोन्ही वाढतात. सगळ्यांना पथकाचं नाव, वाद्य आणि वर्ष. एक नमुना भरून घ्या, धुवा, वाळवा, मगच उरलेल्यांना हो म्हणा. हे सगळं तीन आठवड्यांचं काम आहे, आणि लग्नसराई लागली की दुकानं आहेराच्या ऑर्डरीत बुडतात. त्यामुळे संचलनाच्या सरावाबरोबरच मापं ठरवून टाका.

नावं आणि सह्यांसाठी टॉवेलपेक्षा ड्रमचं उतरवलेलं पान चांगलं. साइड ड्रमचं वरचं १४ इंची, पांढरं खरखरीत कोटिंग असलेलं घ्या. गुळगुळीत पारदर्शक पानावर मार्करची शाई बोटानंही पुसली जाते. खालचं पान फार पातळ, त्याला हात लावू नका. चावीनं समोरासमोरचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा ढिले करत जा. एकाच बाजूनं सोडले तर रिंग वाकते आणि पुढच्या बॅचला ड्रम सुरात लागत नाही. पान ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळवा, ऑइल पेंट मार्करनं सह्या घ्या आणि दिवसभर सावलीत पालथं न घालता ठेवा. मधला काठ्यांचा काळा डाग घासून काढू नका. दोन वर्षांचा ड्रमरोल तिथेच उमटलेला असतो.

बँडमास्तरांना मात्र टॉवेल देऊ नये, बरं दिसत नाही. त्यांना सोलापुरी चादर. चादर आणि टेरी टॉवेल, सोलापूरच्या दोन्ही वस्तूंना भौगोलिक मानांकन आहे. खरेदीच्या वेळी लेबल बघून घ्या.

हा टॉवेल वाद्यं पुसायला वापरायचा नाही, हे भेट देतानाच सांगा. टेरीचे फासे ड्रमच्या स्क्रूत अडकतात, आणि नव्या टॉवेलचा मऊ कचरा पितळेवर चिकटतो. पितळेला जुनं धोतर बरं. फासा ओढला गेलाच तर ओढून तोडू नका, कात्रीनं बरोबरीनं कापा. पहिली तीन धुणी वेगळी आणि थंड पाण्यात, इस्त्री उलट्या बाजूनं. बोअरच्या जड पाण्यात टॉवेल कडक होत जातो, वाळत घालण्याआधी दोन-चार वेळा जोरात झटकला की फासे उभे राहतात.