दहावी कुठून द्यावी? एलडी (अध्ययन अक्षमता) असलेल्या मुलांसाठी राज्य मंडळ आणि एनआयओएस

माझा मुलगा सातवीत होता तेव्हा त्याच्या इतिहासाच्या वहीत एकाच पानावर ‘प्रतापगड’ हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला होता: ‘परतापगड’, ‘प्रतपगड’ आणि ‘पतापगड’. आदल्या रात्री त्यानेच मला अफजलखानाच्या भेटीचा सगळा प्रसंग न अडखळता सांगितला होता. चाचणीत त्याला वीसपैकी चार गुण मिळाले. बाईंनी शेरा दिला होता, ‘अभ्यासाकडे लक्ष नाही.’

त्याच वर्षी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्याला डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) आणि डिस्ग्राफिया (लिहिण्यातली अडचण) असल्याचं निदान झालं. पुढच्या सहा महिन्यांत पुण्याला माझ्या नणंदेच्या मुलीचीही तपासणी झाली. तिचा त्रास गणिताचा, डिस्कॅल्क्युलिया. मुलगा त्याच्याच शाळेतून, परीक्षेतल्या सवलती घेऊन राज्य मंडळाची दहावी झाला. भाची शाळा सोडून एनआयओएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त विद्यालयातून झाली. दोन्ही वाटा घरातच पाहिल्यामुळे ओळखीचे आईबाबा विचारतात, कुठली बरी? त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट तपासा. मुलाचा त्रास उत्तरपत्रिकेत आहे की वर्गात? काही मुलांना विषय समजतो, आवडतो, उत्तरं तोंडी येतात, पण लिहिताना सगळं सांडतं. काहींना मात्र सकाळी सातपासून साडेबारापर्यंतचा शाळेचा प्रत्येक तासच जड जातो. सवलती परीक्षेच्या असतात, रोजच्या तासांच्या नसतात. माझ्या मते पुढचा सगळा निर्णय या एका फरकावर उभा आहे. गुण, फी, लोक काय म्हणतील, हे त्यानंतरचं.

दोन्हीकडे लागणारा कागद

प्रमाणपत्राशिवाय कुठेच काही हलत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. १९९५च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या तरतुदी आता कायद्यातच लिहिलेल्या आहेत. महाराष्ट्रात मात्र एलडीच्या मुलांना या सवलती त्याच्या कितीतरी आधी, १९९०च्या दशकातच मिळू लागल्या होत्या. त्यामुळे एखाद्या शाळेने ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ असं सांगितलं तर ते मान्य करून घरी येऊ नका.

प्रमाणपत्र सरकारी किंवा पालिकेच्या अधिकृत रुग्णालयाचं लागतं. खाजगी समुपदेशकाचा अहवाल उपयोगी पडतो, पण मंडळाकडे तो पुरत नाही. तपासणीत बुद्ध्यांक पाहतात, वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या घेतात, कान-डोळे तपासतात. एका दिवसात हे होत नाही. आम्ही डोंबिवलीहून सायनला पाच खेपा घातल्या. जाताना प्रगतिपुस्तकं आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या न्या. शेरे मारलेल्या, खाडाखोड झालेल्या, अर्धवट राहिलेल्या वह्याच तिथे जास्त बोलतात. लहान वयात मिळालेल्या प्रमाणपत्राची फेरतपासणी करावी लागते, म्हणून त्यावरची मुदत नीट पाहा. आणि नववीत जाग येण्याची वाट पाहू नका; आठवीच्या जूनमध्ये हे काम हातात घ्या.

उशीर का होतो, हेही मला स्वतःच्या घरात कळलं. देवनागरीत अक्षर आणि उच्चार एकमेकांना बरेचसे धरून असतात. त्यामुळे मराठी माध्यमातलं मूल अडखळत का होईना, वाचत राहतं. जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ, घ-ध, भ-म यांत गोंधळतं आणि आपण ‘शुद्धलेखन कच्चं’ म्हणून सोडून देतो. इंग्रजी वाढलं की मग सगळं उघडं पडतं. भाचीचं गणित तर आणखी झाकलेलं राहिलं. ‘त्रेपन्न लिही’ म्हटलं की ती ३५ लिहायची. मराठीत तीन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर; लिहायचा मात्र पाच आधी. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ असं वाचन दिलं तेव्हा खूप टीका झाली, चेष्टाही झाली. भाची तेव्हा दुसरीच्या पुढे गेली होती. मला आजही वाटतं, ती पद्धत तिला वेळेवर मिळायला हवी होती.

राज्य मंडळ: शाळा तीच, पेपर वेगळ्या तऱ्हेने

राज्य मंडळात सहा विषय, त्यांत तीन भाषा. एलडीचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ताशी २० मिनिटं जादा मिळतात; म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं आणि तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेता येतो, तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापत नाहीत. निदानाप्रमाणे कॅल्क्युलेटर, भाषेतून सूट, किंवा बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या पातळीचं गणित आणि कार्यानुभव अशा सवलती आहेत. शाळेने हा प्रस्ताव वेळेत विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो. मुख्याध्यापकांना भेटून त्याची पोच मागून घ्या. संकोच करू नका.

सगळ्या सवलती घ्यायच्या नसतात. आम्ही लेखनिक आणि जादा वेळ घेतला, गणित पूर्ण ठेवलं. खालच्या पातळीचं गणित घेतलं की अकरावीला शास्त्र शाखेचं दार जवळपास बंद होतं, आणि मुलाला यंत्रांची ओढ होती. गणितच ज्याचं दुखणं आहे त्याने मात्र ही सवलत जरूर घ्यावी. शास्त्र शाखेच्या आशेवर दोन वर्षं रडत काढण्यात काही हशील नाही.

लेखनिकाबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण याची तयारी बहुतेक घरांत होतच नाही. लेखनिक मिळाला की झालं, असं आम्हीही धरून चाललो होतो. शेजारची नववीतली मुलगी तयार झाली. दिवाळीच्या सुट्टीत दोघांना विज्ञानाच्या जुन्या पेपरला बसवलं. मुलगा म्हणाला, “आकृती काढ, आणि मग तो बाण दाखव.” ती पेन उचलून बसली. “कुठला बाण, दादा?” त्याच्या डोळ्यांसमोर आकृती लख्ख होती, पण दुसऱ्याच्या हाताला ती सांगायची कशी, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी दोन तासांत चाळीसपैकी अठरा गुणांचंच सांगून झालं.

मग तीन महिने दर रविवारी सराव. आधी कच्च्या कागदावर मुद्दे, खुणा, चित्र, काहीही. त्यानंतर पूर्ण वाक्य तोंडाने. मग ‘पूर्णविराम’, ‘नवीन ओळ’ हेसुद्धा. आकृतीला त्याने स्वतःची रीत काढली: “डावीकडे बहिर्गोल भिंग, उजवीकडे पडदा, मधून आडवी रेघ.” पूर्वपरीक्षेला शाळेकडे लेखनिक मागून घेतला, म्हणजे अनोळखी खोलीत बसायचीही सवय झाली. मार्चपर्यंत तो चाळीसच्या चाळीस गुणांचं सोडवू लागला होता. सवलत कागदावर मिळते, वापरायला शिकावी लागते.

या वाटेचं खरं बळ म्हणजे वर्ग सुटत नाही. मित्र, स्नेहसंमेलन, क्रीडा महोत्सव, डबा वाटून खाणं, सगळं राहतं. भाषांना तोंडी परीक्षेचे २० गुण असतात, आमच्यासारख्या बोलक्या मुलांना ते हात देतात. एखाददोन विषय राहिलेच तर पुरवणी परीक्षा आहे, एटीकेटीने अकरावीतही जाता येतं.

आणि त्रास? तोही वर्गातच असतो. मुलाला सेमी इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकावं लागत होतं. आठवीत आम्ही त्याला पूर्ण मराठीच्या तुकडीत हलवलं. नातेवाइकांना ते मागे जाणं वाटलं. माझ्या मते आम्ही घेतलेल्या सगळ्या निर्णयांत हा सर्वांत उपयोगी ठरला. नवीन संकल्पना आणि नवीन भाषा यांचं ओझं एकाच वेळी उचलायची गरज राहिली नाही.

एनआयओएस: पेपर तुमच्या वेगाने

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही केंद्र सरकारची, १९८९ची. तिची दहावी इतर मंडळांच्या दहावीइतकीच मान्य आहे. ‘नापासांचं बोर्ड’ हा शिक्का चुकीचा आहे, तो मनातून काढून टाका. वय १४ पूर्ण हवं. पाच विषय पुरतात, भाषा किमान एक आणि जास्तीत जास्त दोन. गणित सक्तीचं नाही. विषयांमध्ये गृहविज्ञान, चित्रकला, व्यवसाय अध्ययन, डेटा एंट्री असे पर्याय आहेत, आणि दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात. राज्य मंडळात ३५. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकदा पास झालेला विषय जमा राहतो. जादा वेळ आणि लेखनिक इथेही मिळतात.

भाचीसाठी यातली पास झालेला विषय जमा राहण्याची गोष्ट सगळ्यात मोठी ठरली. सहा विषय एकदम समोर आले की ती एकाही विषयाला हात लावत नसे. नववीच्या सहामाहीनंतर तिचं पोट रोज सकाळी दुखायचं, रविवारी दुखत नसे. शाळेने सुचवलं की तिला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. शाळेला तिच्यापेक्षा निकालाच्या टक्क्याची काळजी होती, असं मला आजही वाटतं, आणि त्याचा रागही येतो. शिवाय १७ नंबरने फक्त शाळा सुटते. विषय, पेपर सगळं राज्य मंडळाचंच राहतं. तिला तर तेच नको होतं. नणंदेने चौकशी करून एनआयओएस निवडलं. मराठी, गृहविज्ञान आणि चित्रकला एप्रिलमध्ये, इंग्रजी आणि व्यवसाय अध्ययन ऑक्टोबरमध्ये. पहिल्या निकालानंतर ती मला फोनवर म्हणाली, “मामी, मी तीन विषय पास आहे. आता ते कुणी परत घेऊ शकत नाही.”

पण आईबाबांच्या अंगावर किती पडतं, हे आधी समजून घ्या. अभ्यास केंद्रावर थोडेच संपर्क वर्ग असतात. रोजचं वेळापत्रक, स्वाध्याय वेळेत जमा करणं (त्यांना २० टक्के वजन असतं), प्रवेशाच्या तारखा, ऑनलाइन फॉर्म, हे सगळं घरच्यांनी सांभाळायचं. नणंदेने नोकरीत अर्धा दिवस मागून घेतला. विशेष शिक्षिकेचा खर्च वेगळा. घरात दिवसभर कुणीच नसेल, तर ही वाट मुलाला एकटं पाडते. भाचीचा पहिला पावसाळा फार सुनासुना गेला. मैत्रिणी शाळेत आणि ही घरी. मग तिला चित्रकलेच्या वर्गाला आणि कथ्थकला घातलं, तेव्हा घरात पुन्हा आवाज आला.

दुसरी अडचण अकरावीची. ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कॉलेजचे प्रवेश कधीच संपलेले असतात, म्हणून वर्ष जातं. भाचीचं गेलं. आम्हाला ते आधी कळलं होतं, तिलाही सांगितलं होतं, त्यामुळे ते वाया गेल्यासारखं वाटलं नाही. विषय निवडताना पुढे काय करायचं ते आधी ठरवा. बारावीला राज्य मंडळात परतायचं असेल तर इंग्रजी ठेवाच. शास्त्र शाखा हवी असेल तर गणित आणि विज्ञान एनआयओएसमध्येही घ्यावंच लागेल.

राज्य सरकारचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी, आठवी, दहावी, बारावीसाठी. एनआयओएसचं केंद्र लांब असेल तर तिथे चौकशी करा. खेड्यापाड्यात राहणाऱ्यांनी पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना आधी भेटावं. जिल्हा परिषद शाळांच्या मुलांसाठी ते नेमलेले असतात.

मग कुणी काय घ्यावं

मूल शाळेत हसत जातं, मित्र आहेत, निदान एक शिक्षक तरी त्याच्या बाजूने आहेत आणि अडतं ते लिहिण्यावर, तर शाळा सोडू नका. राज्य मंडळ, सवलती आणि लेखनिकाचा सराव यांवर भर द्या. गणित किंवा तीन भाषा यांनीच त्याला खाली ओढलं असेल, सकाळी पोट दुखत असेल, शाळा त्याला ओझं मानत असेल आणि घरात वेळ देणारं माणूस असेल, तर एनआयओएस घ्या, आणि ते नववीच्या आत ठरवा. दहावीच्या डिसेंबरमध्ये, पूर्वपरीक्षेच्या निकालाला घाबरून घेऊ नका. मुलाला ती शिक्षा वाटते.

दोन्हींच्या मधलं मूल असेल तर? माझा कल शाळेकडे आहे, एका अटीवर. मुख्याध्यापकांकडे जा, प्रमाणपत्र टेबलावर ठेवा आणि दोनच प्रश्न विचारा: येत्या सहामाहीपासून याला जादा वेळ आणि लेखनिक द्याल का? वर्गात याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावणं थांबवाल का? पहिल्याला बहुतेक शाळा हो म्हणतात, कारण ते कागदावर आहे. दुसऱ्याचं उत्तर नीट ऐका, आणि महिन्याभराने मुलाला विचारा, वाचन थांबलं का.