नेत्याचा प्रचारच थंड: पक्षालाच मत, दुसऱ्याला, नोटा की घरीच बसायचं?

पक्ष आपला, विचार पटलेले, घरात दोन पिढ्यांपासून त्याच चिन्हासमोरचं बटण दाबलं जातं. आणि या वेळी नेत्याने प्रचारात जीवच ओतला नाही. नागपुरातल्या अनेक जुन्या मतदारांची आज ही अवस्था आहे, माझीही आहे. सभा उशिरा सुरू झाली, भाषण लवकर आटोपलं, आणि जे बोलले त्यात नागपूर कुठे नव्हतंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरलं. त्याबद्दल अवाक्षर नाही. झोपडपट्ट्यांच्या मालकी पट्ट्यांबद्दल नाही. दारात आलेल्या पत्रकावर उमेदवारापेक्षा नेत्याचा फोटो मोठा, आणि मागच्या बाजूची आश्वासनं मागच्या निवडणुकीतलीच. वस्तीतल्या कार्यकर्त्याला विचारलं तर तो म्हणाला, "काय करता जी, वरूनच काही येऊन नाही राहिलं." तो बिचारा उन्हातान्हात घरोघरी चिठ्ठ्या वाटतो आहे. राग येतो तो त्याच्यासाठी.

आता मताचं काय करायचं?

घरी बसणं आधी निकालात काढतो. २०२४ च्या लोकसभेला नागपुरात साधारण ५४ टक्के मतदान झालं, म्हणजे जवळपास निम्मे मतदार केंद्रावर गेलेच नाहीत. त्यात रुसलेले किती, गावाला गेलेले किती, यादीत नावच न सापडलेले किती, हे कुणालाही सांगता येणार नाही. तुमची नाराजी त्या गर्दीत विरून जाते. शिवाय मतदान कमी झालं की ज्याची बूथयंत्रणा घट्ट, त्याचंच फावतं. ज्या नेत्याने प्रचारात ढिलाई केली त्याला याने काहीच फरक पडत नाही. फटका बसतो तो उमेदवाराला.

नोटाचं, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' या बटणाचं, प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हा पर्याय यंत्रावर आला. विधानसभा आणि लोकसभेत तो निकाल बदलत नाही: नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांत पहिला असेल तोच निवडून येतो. अनामत रक्कम वाचवायला लागणारा एक षष्ठांश हिस्सा मोजतानाही नोटाची मतं धरत नाहीत. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २०२४ ला इंदूरमध्ये नोटाला दोन लाखांच्या वर मतं पडली. दोन्हीकडे विजयी उमेदवाराचं काही बिघडलं नाही. तरीही घरी बसण्यापेक्षा नोटा कितीतरी बरा, कारण तो मोजला जातो. निकालानंतर फॉर्म २० मध्ये बूथनिहाय आकडे मिळतात आणि त्यात नोटाचा वेगळा रकाना असतो. पक्षाचे लोक तो तक्ता बारकाईने वाचतात. आपल्या हक्काच्या बूथवर नोटा फुगलेला दिसला की बूथप्रमुखाला जाब विचारला जातो. अडचण एवढीच की तो जाब नेत्यापर्यंत पोहोचेलच असं नाही.

दुसऱ्या पक्षाला किंवा अपक्षाला मत दिलं तर धक्का खरा बसतो. मध्य नागपुरात २०२४ ला हे डोळ्यांसमोर घडलं. उमेदवारीवरून हलबा समाजात नाराजी होती, समाजातल्या अपक्षाने सुमारे २३ हजार मतं घेतली, आणि पहिल्या दोघांमधलं अंतर होतं ११,६३२. अशी नाराजी कुठल्याही पक्षाला डावलता येत नाही. पण त्याची किंमतही आहे: पुढची पाच वर्षं ज्याला तुम्ही कधीच निवडलं नसतं तो आमदार म्हणून बसू शकतो. ती किंमत मोजायची तयारी असेल तरच या वाटेने जावं. आणि अपक्ष उभा कशासाठी आहे, त्याला उभं कुणी केलं आहे, याची चौकशी आधी करावी. त्याचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. उत्पन्न, मालमत्ता, गुन्हे, सगळं त्यात आहे.

राहिला आपलाच पक्ष. इथे नेता आणि उमेदवार वेगळे करून बघायला हवेत, आणि हे आपण बहुतेक वेळा करत नाही. नेत्याचा प्रचार फिका होता म्हणून जो उमेदवार पूर आला तेव्हा गाळ उपसायला वस्तीत होता, त्याला शिक्षा का? उलट उमेदवारही नेत्यासारखाच निवडणुकीपुरता दिसणारा असेल, तर केवळ चिन्हासाठी मत देण्याचं बंधन मी मानत नाही.

यातलं काय निवडावं हे मी मतदारसंघात पहिल्या दोघांमध्ये किती मतांचा फरक असतो त्यावरून ठरवतो. २०१९ ला दक्षिण नागपूर ४,०१३ मतांनी ठरलं, मध्य ४,००८ मतांनी. पश्चिम नागपूर २०२४ ला ५,८२४ मतांनी. अशा ठिकाणी एकेक मोहल्ला निकाल फिरवतो. तिथे उमेदवार बरा असेल तर राग गिळून पक्षालाच मत द्यावं आणि भांडण निकालानंतर करावं. याउलट २०२४ च्या लोकसभेला नागपुरातलं अंतर १,३७,६०३ होतं. एवढ्या फरकाच्या जागी निषेधाचं मत देऊन नको तो निवडून येण्याची भीती फारशी नसते, मग मन मारून बटण दाबायची गरज नाही.

महापालिकेची गोष्टच वेगळी, आणि मला वाटतं नाराज मतदाराच्या हातात खरी ताकद तिथे आहे. नागपूर महापालिकेत १५१ नगरसेवक, ३८ प्रभाग; एक सोडला तर प्रत्येक प्रभागात चार जागा. म्हणजे तुमच्याकडे चार मतं. चारही एकाच चिन्हाला द्यायची सक्ती नाही, कार्यकर्ते काहीही सांगोत. अ, ब, क, ड या चारही जागांवर नोटाचं बटण वेगळं असतं. शिवाय राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला की स्थानिक निवडणुकीत एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मतं पडली तर तिथे पुन्हा निवडणूक घ्यायची. विधानसभेत नोटाला नाही ते वजन इथे आहे.

म्हणून महापालिकेला मी पॅनेल बघून मत देत नाही. गडरलाइन तुंबली तेव्हा फोन उचलणारे आपल्या पक्षाचे दोघे असतील तर त्या दोघांना मत. तिसऱ्या जागेवर काम करणारी बाई दुसऱ्या पक्षाची असेल तर मत तिला. आणि नेत्याच्या मर्जीतला म्हणून वरून लादलेला चौथा, त्याच्या जागेवर नोटा.